प्रश्नोत्तरे : लाकडी कंटेनर, कॉन्फ्लॅट आणि सहा टनांची क्रेन

ब्रिटिश रेल्वेचे जुने मालवाहू कंटेनर आणि ते वाहणाऱ्या वॅगन (कॉन्फ्लॅट) यांच्याबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. सारखे प्रश्न जोडून टाकले आहेत. खऱ्या गाड्यांची मापं फूट आणि ब्रिटिश टनात (१ टन म्हणजे १,०१६ किलो) दिली आहेत, मॉडेलची मिलिमीटरमध्ये.

कंटेनर म्हटलं की आम्हाला न्हावा शेवा आणि २० फुटी, ४० फुटी लोखंडी पेट्या आठवतात. पण १९३०च्या सुमाराच्या इंग्लंडमधल्या फोटोंत छोट्या चार चाकी वॅगनवर लाकडी खोकी दिसतात आणि त्यांनाही कंटेनरच म्हटलेलं असतं. ते नक्की काय होतं? — एक वाचक, डोंबिवली

तेही कंटेनरच. माल न हलवता मालाची पेटी हलवायची ही कल्पना तर त्याहूनही जुनी. डर्बीशायरमधल्या लिटल ईटन गँगवे या घोड्यांच्या रुळमार्गावर १७९५ पासून कोळशाच्या गाड्यांचे वरचे सांगाडे क्रेनने उचलून थेट कालव्यातल्या होडीत ठेवत. कोळसा ओतला की त्याचा चुरा होतो आणि चुऱ्याला भाव कमी मिळतो, हे त्यामागचं साधं कारण.

तुम्ही फोटोत पाहिलेली खोकी १९२०च्या दशकातली. पहिलं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या हजारो लॉऱ्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि किरकोळ माल रेल्वेकडून रस्त्यावर जाऊ लागला. रेल्वेने माल पाठवायचा तर कारखान्यातून गाडीत, गाडीतून मालधक्क्यावर, तिथून वॅगनमध्ये आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच उलट्या क्रमाने. प्रत्येक हाताळणीत तुटफूट, चोरी आणि मजुरी. शिवाय एवढी हाताळणी सोसण्यासाठी लाकडी खोकं आणि पेंढा यांचा खर्च वेगळा. लॉरीवाला मात्र दारातून उचलून दारात टाकत होता. त्याला उत्तर म्हणून १९२३ च्या विलीनीकरणातून तयार झालेल्या चार मोठ्या कंपन्यांनी कंटेनर आणले. त्यांची मापं आणि प्रकार रेल्वे क्लिअरिंग हाउस या सामाईक संस्थेमार्फत सारखे करून घेतले, म्हणजे एका कंपनीचा कंटेनर दुसरीच्या वॅगनवर बसावा.

आजच्या कंटेनरशी फरक आकाराचा आहे, आणि तो आकार रेल्वेने स्वतःच्या सोयीने ठरवलेला नव्हता. त्या काळच्या लॉरीवर काय मावेल आणि गावच्या मालधक्क्यावरची क्रेन किती उचलेल, यावर तो ठरला. खालच्या बऱ्याच उत्तरांत ही क्रेन पुन्हा पुन्हा येईल.

कंटेनरवर बीडी, ए, बीके, एफएम अशी अक्षरं असतात. त्यांचा अर्थ सांगाल का? आणि नंबरच्या शेवटीही एक अक्षर दिसतं, ते कशाचं? — एक वाचक, सांगली

पहिलं अक्षर मूळ प्रकार सांगतं. ए म्हणजे छोटा बंद कंटेनर. लांबी ८ फुटांहून थोडी कमी, भार ३ टनांपर्यंत, दार एका टोकाला. बी म्हणजे मोठा बंद कंटेनर, लांबी १६ फूट, भार ४ टन. सी आणि डी उघडे, एच हा विटा-कौलांसाठीचा छोटा उघडा. एफ गट उष्णतारोधक.

त्यापुढचं अक्षर उपयोग किंवा बदल सांगतं. बीके फर्निचरसाठी, आतून सामान बांधायच्या पट्ट्या असलेला. रेल्वे कंपन्या घर हलवण्याची अख्खी सेवा विकत, तिच्या जाहिराती हाच कंटेनर दाखवून केलेल्या असत. बीएम मांसासाठी, हवा खेळती राहील अशा झडपांचा. एफएम मांसासाठीच पण उष्णतारोधक. एएफ म्हणजे छोटा उष्णतारोधक, आइस्क्रीम आणि गोठवलेल्या अन्नासाठी.

सगळ्यांत जास्त दिसतो तो बीडी. हा बी प्रकारच, पण टोकाच्या दारांबरोबर दोन्ही कुशींनाही दारं असलेला. टोकाचं दार लॉरी दुकानाच्या दाराशी उलटी लावून माल उतरवायला सोयीचं. पण कंटेनर वॅगनवर असताना आणि वॅगन फलाटाला लागलेली असताना टोकाचं दार बफरच्या बाजूला तोंड करून उघडतं, तिथे उभं राहायला जागाच नाही. कुशीला दार असलं की फलाटावरून सरळ हातगाडी आत नेता येते. म्हणजे ज्या ठिकाणी क्रेन नाही तिथेही बीडी भरता-उतरवता येत असे. ब्रिटिश रेल्वेने पुढे नवे कंटेनर बांधताना हाच प्रकार मोठ्या संख्येने का घेतला, ते यावरून कळेल.

नंबरनंतरचं अक्षर मालकीचं. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर एम म्हणजे पूर्वीच्या चार कंपन्यांपैकी एलएमएसचा (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश), ई म्हणजे एलएनईआरचा (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न), डब्ल्यू ग्रेट वेस्टर्नचा, एस सदर्नचा आणि बी म्हणजे ब्रिटिश रेल्वेनेच बांधलेला. म्हणजे बीडी … बी असं वाचलं तर मागचा बी आणि पुढचा बी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इथे बरेच जण फसतात.

कंटेनर इतके सोयीचे होते तर ते सगळ्याच स्थानकांवर का जात नव्हते? क्रेन तर जवळपास प्रत्येक मालधक्क्यावर असायची ना? — एक वाचक, मिरज

क्रेन होती, पण कुठली ते पाहावं लागेल. छोट्या स्थानकाच्या गोदामात बहुधा ३० हंड्रेडवेटची, म्हणजे दीड टनाची हाताने फिरवायची क्रेन असे. कापसाची गाठ, पिंप, एखादं यंत्र उचलायला ती पुरेशी. आता बीडीचा हिशेब करा. आतला माल ४ टन, कंटेनरचं स्वतःचं वजन दीड टनाच्या आसपास. साडेपाच टन झाले. म्हणजे ६ टनांची क्रेन हवी, आणि तीही पूर्ण पल्ल्यावर नव्हे. जिबची, म्हणजे क्रेनच्या हाताची, पोच वाढली की क्रेनची ताकद घटते. लॉरी वॅगनला अगदी खेटून लावल्याशिवाय ६ टनांची क्रेनही ६ टन उचलत नाही. ए प्रकार निम्म्या आकाराचा ठेवला गेला त्याचं एक मोठं कारण हेच.

दुसरी अडचण उंचीची. कंटेनरच्या छताच्या कोपऱ्यांजवळ चार कड्या असत आणि चार पायांची साखळी त्यांत अडकवून उचल होई. ओढ छतावर येऊ नये म्हणून कड्यांपासून लोखंडी पट्ट्या भिंतीवरून थेट तळाच्या चौकटीपर्यंत नेलेल्या असत. पण ही रचना सरळ वर ओढायला ठीक. तिरप्या ओढीला नाही.

साखळीचा पाय उभ्या रेषेशी जितका तिरपा, तितका त्यातला ताण जास्त. ६ टनांचा भार चार पायांवर सारखा वाटला आणि पाय सरळ उभे असले तर प्रत्येकी दीड टन. ४५ अंशांवर हाच आकडा २.१ टन होतो आणि ६० अंशांवर थेट ३ टन. आखूड साखळी लावली तर ताण वाढतोच, शिवाय चारही पाय छताच्या कडा आत ओढतात आणि लाकडी सांगाडा पिचतो. दारं नंतर बंद होत नाहीत अशी तक्रार आली की आधी साखळीची लांबी पाहावी, इतकं हे नेहमीचं कारण.

१६ फूट लांब आणि सुमारे ७ फूट रुंद छतावर मध्यापासून कोपरा पावणेनऊ फूट दूर येतो. म्हणजे पाय ४५ अंशांवर ठेवायचे तर हूक छताच्या वर पावणेनऊ फूट हवा. वॅगनचा पृष्ठभाग रुळापासून सुमारे ४ फूट, कंटेनरची उंची ८ फूट. बेरीज जवळजवळ २१ फूट, आणि त्यावर उचलून बाजूला नेण्यापुरती जागा. गोदामाच्या छताखालच्या क्रेनला हे शक्यच नाही. त्यामुळे उचल बाहेरच्या यार्डातल्या मोठ्या क्रेनने किंवा फिरत्या क्रेनने, आणि अशा क्रेन मोठ्या शहरांतच. रस्त्यावरचं काम १९३०च्या दशकापासून स्कॅमेलच्या तीनचाकी मेकॅनिकल हॉर्सने सोपं केलं. हे छोटं मोटार-वाहन ट्रेलरला आपोआप जोडलं-सोडलं जाई आणि अरुंद यार्डात जागच्या जागी वळे. पण तो प्रश्न रस्त्याचा होता. क्रेनचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

कॉन्फ्लॅट ही साधी फ्लॅट वॅगनच ना? तिच्यावर कंटेनर नुसता ठेवला की झालं, की काही कुलूप असायचं? — एक वाचक, नाशिक

कुलूप नाही, साखळ्या. आज कंटेनरच्या तळाच्या कोपऱ्यात फिरकीचं लॉक बसतं. त्या वेळी कंटेनरच्या खालच्या कोपऱ्यांवरच्या कड्यांतून साखळ्या वॅगनच्या पृष्ठभागाला नेत आणि मधला स्क्रू फिरवून ताणत. अगदी सुरुवातीला तर साध्या कमी उंचीच्या उघड्या वॅगनमध्ये कंटेनर ठेवून दोरखंडाने बांधत. कॉन्फ्लॅट ही त्याच्या पुढची पायरी. कडेला काही इंच उंचीचा कठडा, म्हणजे कंटेनर सरकला तरी खाली जाणार नाही, आणि साखळ्यांसाठी कायमच्या कड्या. नाव टेलिग्राफच्या सांकेतिक शब्दावरून आलं.

ब्रिटिश रेल्वेची कॉन्फ्लॅट ए ही नमुनेदार वॅगन. लांबी १७ फूट ६ इंच, दोन चाकजोड्यांमधलं अंतर १० फूट, व्हॅक्यूम ब्रेक. एक बी किंवा दोन ए मावत. बऱ्याच वॅगनवर एक्सपी ही अक्षरं दिसतात. १९३८ पासूनची ही खूण सांगते की वॅगनच्या चाकांमधलं अंतर किमान १० फूट आहे, ब्रेक आणि कपलिंग योग्य आहेत आणि ती प्रवासी गाडीच्या वेगाने चालवता येईल. मांस आणि फळं नेणाऱ्या कंटेनरना याचा खरा फायदा. कॉन्फ्लॅट एल वेगळी. तिच्यावर चुन्यासारख्या मालाचे तीन छोटे कंटेनर बसत.

बिघाड कुठे व्हायचा? शंटिंगमध्ये. इंजिनाने ढकलून सोडलेली वॅगन दुसरीवर आदळली की कंटेनर पुढे झेपावतो, एका टोकाची साखळी ताणते आणि दुसऱ्या टोकाची सैल पडते. सैल साखळीचा स्क्रू पुढच्या हादऱ्यांत आणखी फिरतो. म्हणून यार्डातून निघताना साखळ्या पुन्हा तपासणं हे कामाचा भाग होतं, आणि ते माणसाने एकेका वॅगनजवळ जाऊन करायचं. कंटेनर उतरवल्यावर साखळ्या गोळा करून वर ठेवल्या नाहीत तर लोंबणारी साखळी रुळांच्या सांध्यात अडकण्याचा धोका. वेळ खाणारं काम, आणि त्याची कुठल्याच हिशेबात वेगळी नोंद नसे.

रिकामी कॉन्फ्लॅट इतर मालाला जवळपास निरुपयोगी, हाही तिचा दोष. बाजूच्या फळ्या नाहीत, त्यामुळे कोळसा नाही, विटा नाहीत. कंटेनर एका दिशेने जास्त आणि परतीला कमी, अशा मार्गावर रिकाम्या वॅगन ओढाव्या लागत.

ओओ स्केलमध्ये कॉन्फ्लॅट आणि बीडी कंटेनर बनवतोय. प्लॅस्टिकच्या शीटमधून कापतोय. मापं, साखळ्या आणि वजन यांबद्दल मार्गदर्शन हवं. कंटेनर काढता-घालता यावा असा विचार आहे. पण रिकामी वॅगन वळणावर घसरते. — एक वाचक, रत्नागिरी

ओओ या ब्रिटिश मॉडेल स्केलमध्ये १ फूट म्हणजे ४ मिमी. वॅगनची लांबी ७० मिमी, चाकांमधलं अंतर ४० मिमी, बीडीची लांबी ६४ मिमी. म्हणजे कंटेनर मधोमध ठेवला की दोन्ही टोकांना ३-३ मिमी उरतात. एवढीच जागा साखळ्यांना मिळते, म्हणून कंटेनरची लांबी अर्ध्या मिलिमीटरनेही वाढू देऊ नका. बाहेरच्या भिंती कापताना शीटची जाडी वजा करायला विसरलं की नेमकं हेच होतं.

आपल्याकडे मिळणारं बरंच सामान एचओ या दुसऱ्या स्केलचं असतं, त्यात १ फूट म्हणजे ३.५ मिमी. दोन रुळांमधलं अंतर दोन्हींत १६.५ मिमी, त्यामुळे चाकं चालतात आणि फसगत होते. एचओचा १६ फुटी कंटेनर ५६ मिमी भरेल. ओओच्या वॅगनवर तो चक्क खेळण्यासारखा दिसेल. चाकं घ्या, कंटेनर घेऊ नका.

घसरण्याचं कारण वजन. ब्रिटिश मॉडेलकार साधारण प्रत्येक आसावर २५ ग्रॅम धरतात, म्हणजे चार चाकी वॅगनला ५० ग्रॅम. प्लॅस्टिकची रिकामी कॉन्फ्लॅट याच्या जवळपासही येत नाही. सगळं वजन कंटेनरमध्ये भरलं तर भरलेली वॅगन उत्तम चालेल आणि कंटेनर काढला की तुमची तक्रार परत. शक्य तेवढं वजन वॅगनच्या पोटाखाली, दोन लांब पट्ट्यांच्या मध्ये घाला. शिशाचा पातळ पत्रा कात्रीने कापला जातो. त्याच्या पट्ट्या थर देऊन बसवा, पण आस आणि ब्रेकच्या जागा मोकळ्या ठेवा. उरलेलं वजन कंटेनरच्या तळाशी. वर ठेवाल तर वॅगन डुलेल.

इथे एक गोष्ट महत्त्वाची. शिसं पांढऱ्या पीव्हीए गोंदाने, म्हणजे फेव्हिकॉलसारख्या गोंदाने, कधीही चिकटवू नका. सुरुवातीला सगळं ठीक दिसतं. पण त्या गोंदाशी आणि हवेशी शिशाची प्रक्रिया होऊन पांढरा क्षार तयार होतो, तो फुगतो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कंटेनरच्या भिंती आतून फाटतात. कोकणातल्या दमट हवेत हे होण्याची वाट पाहूच नये. इपॉक्सी किंवा सायनो गोंद (सुपरग्लू) वापरा, आणि सायनो वापरल्यावर बंद खोक्यात कोंडू नका. त्याच्या वाफेने आसपासचं पृष्ठ पांढुरकं होतं. बंद कंटेनरच्या तळाला एक छोटं भोकही ठेवा.

वजन वाढवूनही वॅगन घसरली तर ती काचेच्या तुकड्यावर ठेवा. चारही चाकं टेकतात का पाहा. एक चाक कागदाच्या जाडीइतकंही वर असलं तर वळणाच्या सुरुवातीला तेच रूळ सोडतं. बाजूच्या पट्ट्या चिकटवताना चाकं बसवून, काचेवर दाबून ठेवूनच गोंद वाळू द्या.

साखळ्यांसाठी दर इंचाला ४० कड्यांच्या आसपासची बारीक साखळी शोधा. दागिन्यांच्या दुकानातली बहुतेक साखळी जाड पडते. खऱ्या साखळीपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी दिसते. पितळी साखळी रंगवू नका, रंगाने कड्या चिकटून ती काडीसारखी ताठ होते. काळं करणाऱ्या रसायनात बुडवा, त्याआधी तेलकटपणा साबणाने काढा. स्क्रूसाठी ०.५ मिमी तारेचा छोटा तुकडा मध्ये घालून दोन टोकांना साखळी अडकवली की पुरतं. कंटेनर काढता यायचा असेल तर साखळी एका बाजूने, कंटेनरलाच, कायमची चिकटवा आणि दुसरं टोक वॅगनच्या कडीत नुसतं अडकवा. दोन्ही टोकं सुटी ठेवलीत तर साखळ्या एकेक करून हरवणार.

मॉडेलच्या डब्यात वॅगनवर एक नंबर, कंटेनरवर दुसरा आणि रंगही वेगळे. ही चूक आहे का? — एक वाचक, बेळगाव

नाही, तेच बरोबर. कंटेनर आणि वॅगन ही जोडी कधीच कायमची नव्हती. आज या वॅगनवर, उद्या दुसरीवर, परवा लॉरीवर. उलट एकाच गाडीत सगळे कंटेनर एकाच रंगाचे, एकाच वयाचे असतील तर ते संशयास्पद. युद्धपूर्व काळात एलएमएसचे कंटेनर गडद लाल, एलएनईआरचे निळे. ब्रिटिश रेल्वेने सुरुवातीला लाल रंग दिला आणि पुढे १९५०च्या दशकाच्या मध्यानंतर तपकिरी-तांबूस बॉक्साइट. उष्णतारोधक कंटेनर पांढरे, कारण ऊन परावर्तित व्हावं. पांढरा म्हणजे स्वच्छ मात्र नव्हे. दारांभोवती हातांचे डाग आणि छतावर काजळी हवीच. १९५८ चं दृश्य करत असाल तर लाल, बॉक्साइट आणि मळका पांढरा असं मिश्रण ठेवा.

काँडोर नावाची खास कंटेनर गाडी होती असं वाचलं. ती इतकी गाजली का आणि मग बंद का पडली? — एक वाचक, पुणे

मार्च १९५९ मध्ये सुरू झालेली ही रात्रीची गाडी लंडनच्या हेंडनपासून ग्लासगोच्या गुशेटफॉल्ड्सपर्यंत जात असे. सुमारे ४०० मैल, वाटेत शंटिंग नाही, वॅगन जोडणं-सोडणं नाही. वॅगनची संख्या २७ पर्यंत. ग्राहकाला वजनाचं किंवा मालाच्या प्रकाराचं कोष्टक पाहावं लागत नसे. छोट्या आणि मोठ्या कंटेनरला ठरावीक दर, त्यात दोन्ही टोकांची दारापर्यंतची वाहतूक आलेली. आमच्या मते खरी क्रांती दराच्या या साधेपणात होती. तोवर रेल्वेचा मालवाहतुकीचा दर काढणं ही कारकुनाच्या आयुष्यभराची विद्या होती.

वॅगनही वेगळ्या. कॉन्फ्लॅट पी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वॅगन पोलादी पत्रे वाहणाऱ्या लांब वॅगनपासून केलेल्या, त्यावर एक मोठा आणि एक छोटा कंटेनर बसे. महत्त्वाचं म्हणजे त्यांना रोलर बेअरिंग होती. साध्या वॅगनच्या आसपेटीत तेलाने भिजलेल्या गादीवर आस घासत फिरतो. तेल कमी पडलं किंवा गादी सरकली की आस तापतो, म्हणजे हॉट ॲक्सल. ताशी २५-३० मैलांच्या मालगाडीत ते चालून जातं, रात्रभर वेगाने न थांबता धावणाऱ्या गाडीत नाही.

दुखणं इंजिनाचं निघालं. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची को-बो डिझेल इंजिनं जोडीने लावली जात. एका बाजूला तीन आस, दुसऱ्या बाजूला दोन, अशी विचित्र रचना आणि क्रॉसलीचं १,२०० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक यंत्र. यंत्र सारखं बिघडे, धूर ओके, आणि थरथरीने पुढच्या वळणदार काचा सैल होत. एकूण २० इंजिनं, १९६१ पासून ती दुरुस्तीला परत पाठवावी लागली आणि १९६८ पर्यंत सगळी बाद. डी५७०५ हे एकच उरलं आहे. को-बो आजारी असली की गाडीला कधी कधी वाफेचं इंजिनही लावावं लागे. गाडी मात्र इंजिनामुळे बंद पडली नाही. नोव्हेंबर १९६५ मध्ये फ्रेटलायनर ही ब्रिटिश रेल्वेची नवी कंटेनर सेवा सुरू झाली आणि तीही थेट लंडन-ग्लासगो मार्गावर, त्याच गुशेटफॉल्ड्सला. काँडोरला कामच उरलं नाही.

मग फ्रेटलायनरसाठी जुने हजारो कंटेनर आणि कॉन्फ्लॅट का वापरल्या नाहीत? आणि कोकण रेल्वेची रो-रो ही याच जातीची सेवा मानायची का? — एक वाचक, कोलाड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मापात आहे. फ्रेटलायनरचे कंटेनर ८ फूट रुंद, ८ फूट उंच आणि १०, २०, ३० फूट अशा लांबीचे. १७ फूट ६ इंचांच्या कॉन्फ्लॅटवर २० फुटी बसत नाही आणि १० फुटी एकच बसून निम्मी वॅगन वाया. नवी वॅगन ६० फुटांची: सहा १० फुटी, तीन २० फुटी किंवा दोन ३० फुटी, कुठलंही जुळवा, जागा पूर्ण भरते. अशा पाच वॅगनचा संच कायमचा जोडलेला, एअर ब्रेक, ताशी ७५ मैल. व्हॅक्यूम ब्रेकची कॉन्फ्लॅट त्या गाडीत जोडताच येत नाही.

पण मोठा बदल उचलण्यात होता. नव्या टर्मिनलवर रुळांवर आडवी उभी राहणारी मोठी गँट्री क्रेन, आणि तिचे हात कंटेनरला खालून धरत. साखळी अडकवायला माणूस छतावर चढत नाही, स्क्रू पिळायला वॅगनजवळ जात नाही, लाकूड पिचत नाही. एवढी महाग क्रेन प्रत्येक स्थानकावर ठेवता येत नाही, म्हणून मोजकीच टर्मिनल आणि तिथून पुढे लॉरी. जुनी पद्धत उलट होती: क्रेन जिथे आहे तिथे कंटेनर न्यायचा, मग ती क्रेन कितीही दुबळी असो. जुने लाकडी कंटेनर त्या हातांत धरण्यासाठी बांधलेलेच नव्हते. आपल्याकडे १९६६ मध्ये भारतीय रेल्वेने देशांतर्गत कंटेनर सेवा सुरू केली तेव्हाचे कंटेनरही साधारण ५ टनांचे होते, म्हणजे बीडीच्या जवळचे.

रो-रो मात्र वेगळी. तुमच्या कोलाडहून वेर्ण्यापर्यंत १९९९ पासून जाणाऱ्या गाडीवर अख्खा ट्रक चढतो, चाकं आणि इंजिनासकट. क्रेन लागत नाही, उतार पुरतो, हा तिचा गुण. ट्रकचं स्वतःचं वजन रेल्वेने फुकट ओढायचं, हा तिचा तोटा. कंटेनरमध्ये चाकं मागे राहतात आणि त्यांची किंमत क्रेनच्या रूपाने मोजावी लागते.

इंग्लंडमध्ये राहतो. घराजवळच्या शेतात जुनं लाकडी खोकं शेड म्हणून वापरलं जातंय. मालक म्हणतात रेल्वेचं आहे. कंटेनर की वॅगनचा सांगाडा, कसं ओळखायचं? शक्य झालं तर डागडुजी करायची आहे. — एक वाचक, लेस्टर

टेप घेऊन जा. बंद वॅगनचा सांगाडा बहुधा १७ फूट ६ इंच लांब आणि ८ फुटांच्या आसपास रुंद भरतो. १६ फूट लांब आणि ७ फुटांच्या जवळपास रुंद असेल तर बी गटातला कंटेनर, ८ फुटांहून कमी लांब असेल तर ए. छताच्या कोपऱ्यांजवळ उचलायच्या कड्या किंवा त्या कापून टाकल्याच्या खुणा आणि तिथून भिंतीवरून खाली येणाऱ्या लोखंडी पट्ट्या शोधा. वॅगनला त्यांची गरज नसते. खालच्या कोपऱ्यांवर साखळीच्या कड्या असतील तर शंका उरत नाही. टोकाला आणि कुशीला दोन्हीकडे दारं असली तर बीडी. भिंत हाताला जाड आणि दाराची कड पाचरीसारखी तिरपी असेल तर उष्णतारोधक प्रकार.

नंबर रंगाखाली दडलेला असतो. तिरप्या उजेडात, म्हणजे संध्याकाळी टॉर्च भिंतीला समांतर धरून पाहिलं तर अक्षरांच्या कडा उमटतात. दोन-तीन कोनांतून फोटो काढा. कोरडा सँडपेपर मारू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते आणि ती धूळ छातीत जाते. ओला सँडपेपर, मास्क, आणि खाली पसरलेलं प्लॅस्टिक गोळा करून वेगळं टाका.

कुजण्याची सुरुवात छताच्या कडेपासून आणि तळाच्या चौकटीपासून होते. छतावरचं कॅन्व्हास फाटलं की पाणी लोखंडी पट्ट्यांच्या मागून उतरतं आणि तळाच्या लाकडात साठतं. वरून भिंत ठणठणीत वाटते. तळाच्या कडेला चारही कोपऱ्यांत पेचकस टोचून पाहा. तो अर्धा इंच सहज आत गेला तर खोकं कड्यांनी उचलायचा प्रयत्न करू नका, पट्ट्या हातात येतील आणि तळ जमिनीवर राहील. खालून दोन तुळया सारून, त्यांच्यासकट उचला.